अलर्ट खोटा ठरला म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्याकडे गोव्यात दर पावसाळ्यात एकदा तरी हे होतंच. रात्री साडेनऊला बातमी येते, रेड अलर्ट, उद्या बारावीपर्यंतच्या शाळांना सुट्टी. सकाळी उठून बघावं तर रस्ता सुकलेला, ढग आहेत पण पाऊस नाही, दहापर्यंत ऊनसुद्धा पडतं. मग पालकांच्या ग्रुपवर सुरू होतं. एकजण उन्हाचा फोटो टाकतो, दुसरा लिहितो हवामान खात्याला टाळं ठोका, एक बाई लिहिते की आज मी कामावर खाडा केला, माझा रोज कोण देणार. संध्याकाळी दुसरी बाजू जागी होते, घाटाजवळच्या वाळपईच्या पावसाचा आकडा टाकते आणि म्हणते हे बघा, तिकडे पडला, खातं बरोबरच होतं. दोन दिवस हे चालतं, मग पुढच्या अलर्टपर्यंत सगळे गप्प. मी साखळीजवळच्या एका गावात राहतो, कामाला रोज पणजीला जातो, मुलगी शाळेत आहे, म्हणजे या भांडणातल्या सगळ्याच बाजूंना मी कधी ना कधी उभा होतो. आणि आता मला ठामपणे वाटतं की हे भांडणच चुकीच्या जागी चाललंय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. अंदाज आपल्या बापजाद्यांच्या काळापेक्षा पुष्कळ सुधारलाय. सुधारलं नाही ते अंदाज हातात आल्यावर आपण जे करतो ते. अख्ख्या राज्याला एकच बटण आहे, शाळा बंद, नाहीतर काहीच नाही. म्हणून 'अलर्ट कमी द्या' ही जी मागणी आता जोर धरतेय ती मला धोक्याची वाटते. मागायचंच तर प्रत्येक रंगाला गावागावात ठरलेलं काम मागूया, आणि ते हवामान खात्याकडे नाही, पंचायतीकडे, पालिकेकडे आणि पर्वरीच्या सचिवालयाकडे मागायचंय.

पण आधी तो अलर्ट एकदा नीट वाचूया, कारण दहातले नऊजण नुसता रंग बघतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंग ठरवताना पाऊस किती हे बघतातच, पण तो येण्याची शक्यता किती आणि आला तर परिणाम काय हेसुद्धा बघतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार, २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार. हे आकडे कोरडे वाटतात म्हणून असं बघा, एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, तर शंभर चौरस मीटरच्या छपरावर २०४ मिलिमीटर पडला तर एकट्या त्या छपरावरून वीस हजार लिटर पाणी उतरतं, म्हणजे दोन मोठे टँकर. तसं वाड्यावरचं प्रत्येक छप्पर, आणि ते सगळं पाणी एकाच व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे. दुसरी गोष्ट, 'तुरळक ठिकाणी' हे जे शब्द असतात ते घाईत लिहिलेले नसतात, त्यांना ठरलेला अर्थ आहे, त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. गोव्यात पाऊस मोजणारी जुनी केंद्रं डझनभर धरली तर दोनतीन ठिकाणी पडला तरी अंदाज बरोबर ठरला. बुलेटिनच्या तळाशी एक तक्तासुद्धा असतो, त्यात 'लाइकली' म्हणजे साधारण २५ ते ५० टक्के आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५. आणि सगळ्यात जास्त घोळ करणारी गोष्ट वेळेची. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे सोमवारचा इशारा मंगळवारच्या पहाटेलाही धरून असतो. आपण मात्र सोमवारी सकाळी दहा वाजता उन्हाचा फोटो टाकून मोकळे, आणि रात्री तीन वाजता वीज जाऊन पत्रे उडाले तर तो 'वेगळा' पाऊस!

मग पाऊस इकडे आहे आणि तिकडे नाही असं का, तर गोवा दिसायला एवढासा असला तरी त्यात दोन वेगळे देश आहेत, एक दर्याचा आणि एक घाटाचा. खात्याचा इशारा अख्ख्या जिल्ह्याला मिळून येतो, आणि त्या एका 'उत्तर गोव्या'मध्ये मोरजीचा किनारा पण आला आणि सुर्लाचा घाट पण आला. समुद्रावरून भरून आलेला वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो आणि तिथंच रिकामा होतो, त्यामुळे वाळपईत आणि सांग्यात पडतो तेवढा पणजीत पडतच नाही. शिवाय किनाऱ्याजवळ कमी दाबाचा जो पट्टा गुजरातपासून केरळपर्यंत पसरलेला असतो, त्यात मध्येच एखादा ढगांचा पुंजका अडकून बसला तर चार तास एकाच तालुक्यावर कोसळतो. तो नेमका कुठं बसणार हे आदल्या दिवशी सांगणं जगात कुणालाच नीट जमत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. कुलाब्याच्या माणसानं त्या दिवशी काय म्हटलं असतं, अलर्ट खोटा? आपल्या देशाचं संगणकावर अंदाज काढणारं मोठं मॉडेल आत्ताआत्तापर्यंत १२ किलोमीटरच्या चौकटीत विचार करायचं, म्हणजे गोव्याचे ३७०२ चौरस किलोमीटर त्याला फक्त पंचवीसेक चौकोन दिसायचे. मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरचं मॉडेल आलं, आता तेच गोवा शंभरेक चौकोनांत दिसतं. मोठी सुधारणा आहे, पण अजूनही एका चौकोनात पणजी शहर आणि वर थोडी ताळगावची शेतं मावतात. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरचं डॉपलर रडार पुढच्या दोनतीन तासांचं बरंच नेमकं सांगू शकतं, पण त्या दोनतीन तासांचा उपयोग करणारी माणसं खाली असली तर.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, कारण त्यात दम आहे. लांडगा आला रे आला ही गोष्ट सगळ्यांनाच माहीत आहे आणि ती खोटी नाही. चार वेळा सुट्टी दिली आणि चारही वेळा ऊन पडलं तर पाचव्या वेळी माणूस गाडी काढून निघणारच, त्याला मूर्ख म्हणून चालणार नाही, त्यानं आपल्या अनुभवावरूनच शिकलेलं असतं. सुट्टी फुकटही नसते. ज्या घरात दोघंही रोजंदारीवर आहेत त्यांना सुट्टी म्हणजे एकाचा खाडा, आणि सरकारी शाळेतल्या कितीतरी पोरांचं दुपारचं एक खात्रीचं जेवण त्या दिवशी जातं. आणि खातं खरोखर चुकतं तेव्हा त्याची किंमत भयंकर असते. २०१७ चं ओखी वादळ आठवा. ३० नोव्हेंबरला चक्रीवादळ झालं म्हणून जाहीर होईपर्यंत केरळ आणि तामिळनाडूच्या होड्या आधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या आणि शेकडो मच्छीमार परत आले नाहीत. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात पूर आला तेव्हा पावसाळा संपला असंच सगळे धरून बसले होते, आणि काही तासांत डोंगरावरून पाणी आणि माती घरांवर आली. तेव्हा खातं कधी चुकतच नाही असं म्हणणारेही माझ्या दृष्टीनं खात्याचंच नुकसान करतायत.

पण या दोन चुकांकडे जरा शांतपणे बघा. एक चूक म्हणजे इशारा दिला आणि काही झालं नाही. दुसरी म्हणजे इशारा दिला नाही आणि झालं. पहिलीत एक दिवस जातो, दुसरीत माणसं जातात. आणि हे दोन्ही एकाच दोरीला बांधलेत, पहिली कमी करायला इशाऱ्याची पट्टी वर सरकवली की दुसरी वाढणारच, त्यातून कुणाचीच सुटका नाही. मग पट्टी कुठं ठेवायची? हे आमच्या आयांना कुठल्याही पुस्तकाशिवाय कळत होतं. मे महिन्यात रतांब्याची सोलं, म्हणजे आमसुलं, अंगणात वाळत घालतात, रस चढवून पुन्हा वाळवायची, पुन्हा रस, असं आठवडाभर चालतं, आणि शेवटच्या दिवशी एक सर पडली की सगळ्या मेहनतीची माती. म्हणून घाटाकडे नुसतं काळं दिसलं की आई सगळं आत घेणार. दहातल्या आठ वेळा पाऊस यायचाच नाही. तिनं कधी म्हटलं नाही की माझा अंदाज आठ वेळा चुकला. आत घ्यायला दहा मिनिटं लागतात आणि भिजलं तर वर्षाची सोलं जातात, एवढा साधा हिशोब होता तो. तीच आई कपडे मात्र एवढ्यातेवढ्यानं काढायची नाही, कपडे भिजले तर उद्या सुकतील. म्हणजे आभाळ एकच, शक्यता एकच, पण कशासाठी हलायचं आणि कशासाठी नाही हे जे जाणार आहे त्याच्या मोलावरून ठरायचं. आपण आज राज्य म्हणून नेमकं हेच करत नाही. व्हाळाच्या काठच्या झोपडीला, दर्यातल्या होडीला, पणजीतल्या ऑफिसला आणि टेकडीवरच्या शाळेला एकच उत्तर.

हवामानाच्या अंदाजाची अशी टर उडवणं काही आपणच पहिल्यांदा करत नाही. डार्विन ज्या बीगल जहाजातून गेला त्याचा कॅप्टन रॉबर्ट फिट्झरॉय, त्यानं १८५९ ला रॉयल चार्टर नावाचं जहाज वादळात फुटून साडेचारशेच्या वर माणसं मेल्यावर इंग्लंडच्या किनाऱ्यावर तारेनं वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली, १८६१ पासून वर्तमानपत्रात रोजचा अंदाजही छापून यायला लागला. अंदाज चुकायचे, पेपरवाले खिल्ली उडवायचे, शास्त्रज्ञ म्हणायचे ह्याला शास्त्र म्हणत नाहीत. १८६५ ला त्यानं स्वतःचा जीव घेतला, त्याची कारणं अनेक असतील, पण पुढच्याच वर्षी एका समितीनं हे इशारे बंद करून टाकले. मग काय झालं? ज्यांना त्या इशाऱ्यांचा रोज उपयोग होता ते, बंदरावरचे आणि समुद्रावर जाणारे लोक, त्यांनीच ते परत मागितले आणि १८६७ ला वादळाचे बावटे पुन्हा चढले. खिल्ली उडवणारे कोण होते आणि परत मागणारे कोण होते हे लक्षात घ्या. आपल्याकडचं खातंसुद्धा हौसेनं निघालेलं नाही, १८६४ ला कलकत्त्याच्या चक्रीवादळात हजारोंनी माणसं मेली, १८६६ आणि १८७१ ला पावसानं दगा दिला, तेव्हा कुठे १८७५ साली हे खातं उभं राहिलं.

आणि इशाऱ्याचं पुढं काय होतं ह्याचं उत्तर आपल्याच देशात आहे. ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सरकारी आकड्यानुसारच दहा हजाराच्या जवळपास माणसं गेली. तेव्हाही इशारा होता, पण जायचं कुठं, कसं, कुणाबरोबर हे ठरलेलं नव्हतं आणि पक्के निवारे अगदी मोजके. चौदा वर्षांनी २०१३ ला फायलिन आलं तेव्हा दहाएक लाख माणसं आधीच हलवलेली होती आणि मृत्यू पन्नासच्या आसपास राहिले. मधल्या काळात अंदाज सुधारला हे खरं, पण नुसत्या अंदाजानं हा फरक पडला असता का? निवारे बांधले, गावागावात कुणी कुणाला उचलून न्यायचं ते ठरवलं, दरवर्षी त्याची तालीम केली. आता दुसरं टोक बघा. मे २०२१ मधलं तौक्ते चक्रीवादळ. खात्यानं दिवसेंदिवस आधी सांगितलं होतं, १६ तारखेला ते आपल्या किनाऱ्यासमोरून गेलं, आपल्याकडे दोन माणसं गेली आणि किती तरी गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. तेच वादळ मुंबईसमोर पोचलं तेव्हा समुद्रात उभ्या असलेल्या पी-३०५ या बार्जवरची सत्तरच्या वर माणसं बुडाली. इशारा त्यांनाही गेलेला होता! त्या सत्तर घरांत जाऊन अंदाज बरोबर होता असं सांगून काय उपयोग? मला ओडिशाचा हेवा वाटतो, एवढ्या गरीब राज्यानं जे केलं ते आपण, इतकं छोटं आणि इतकं शिकलेलं राज्य, अजून का केलं नाही ह्याची लाज वाटते.

पुराचं तर आणखी वेगळं आहे, कारण पाऊस आणि पूर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खातं आपल्याला मुख्यतः पाऊस सांगतं. २३ जुलै २०२१ ला म्हादई आणि वाळवंटी, खांडेपार सगळ्या एकदम चढल्या, १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं तेव्हा सरकारनंच सांगितलं, हजाराच्या आसपास घरांचं नुकसान झालं. ते पाणी आमच्या डोक्यावर पडलेलं नव्हतं, वर घाटात पडलेलं खाली आलं होतं, आमच्याकडे त्या वेळी पाऊस जरा उघडला होता म्हणून लोक बाहेर गप्पा मारत उभे होते. पेडण्याच्या लोकांना तर हे पाठ आहे, तिळारी धरणाचं पाणी सोडलं की शापोरा नदीच्या काठची गावं पाण्यात, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते बघितलंच. म्हणजे चांदेल-इब्रामपूरच्या माणसाला त्याच्या अंगणात किती मिलिमीटर पडणार हे कळून अर्धीच माहिती मिळते, त्याला धरणाचं दार कधी उघडणार हे हवंय. आणि पणजीच्या माणसाला भरती किती वाजता हे हवंय. मळा भागात किंवा अठरा जून रस्त्यावर पाणी तुंबतं ते नुसत्या पावसानं नाही, पाऊस आणि भरती एका वेळी आली की सांतइनेज खाडीचं पाणी जाणार कुठे, मांडवी स्वतःच वर आलेली असते. भरतीची वेळ तर वर्षभर आधी छापून येते, त्यात चुकायला काही जागाच नाही. मग पावसाचा अंदाज आणि भरतीचं वेळापत्रक एकत्र ठेवून 'आज दुपारी एक ते तीन ह्या रस्त्यांनी जाऊ नका' एवढं एक वाक्य मराठीत आणि कोकणीत सांगणं कुणाला अशक्य आहे?

हे काम आपल्या लोकांनी पूर्वी केलेलं आहे, आणि फार उत्तम केलेलं आहे. खाजन शेती म्हणजे समुद्रसपाटीच्या बरोबरीनं किंवा खाली असलेली जमीन, चिखलाचे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. बांधाला मानस, तिची लाकडी दारं अशी की भरतीचं पाणी चढलं की दाबानं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलत उघडतात. शेकडो वर्षं हे चाललं, कुठला उपग्रह नाही, कुठलं मॉडेल नाही. उद्या किती पाऊस पडेल हे त्या गावकऱ्यांना माहीत नव्हतं, पण पडला तर काय करायचं, बांधाला भगदाड पडलं तर रात्रीतून कोण धावणार, मातीचा खर्च कुणी द्यायचा, हे सगळं गावकारीत, म्हणजे गावाच्या सामायिक कारभारात, ठरलेलं होतं. आज कितीतरी बांध खचलेत, खाजनात भराव पडलेत, मासळीसाठी मानशीची दारं अवेळी उघडी ठेवतात ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. अंदाज शंभर वर्षांत कुठल्या कुठे गेला आणि बांध मागे आले. माझ्या मते गोव्यातल्या पुराच्या चर्चेचा केंद्रबिंदू हा असायला हवा, खात्याच्या कुठल्या अधिकाऱ्यानं कुठला रंग लावला हा नाही. साखळीत बाजारात पाणी शिरू नये म्हणून वाळवंटीच्या काठाला भिंत आणि पंप आहेत, नदीची पातळी बघून तिथं माणसं रात्रभर जागतात. त्यांना कुठल्याही ग्रुपवर कुणी शाबासकी देत नाही, पण अलर्टचा खरा अर्थ त्या माणसांना कळतो, कारण त्यांच्याकडे त्याचं काम आहे.

उष्णतेचं आपण अजून मनावरच घेतलेलं नाही. मे अखेरचं अखिल भारतीय बुलेटिन काढून बघा, एकाच पानावर राजस्थान-विदर्भात उष्णतेची लाट, बंगाल-ओडिशात कालबैसाखीचा गडगडाट आणि वीज, ईशान्येला आणि आपल्या किनाऱ्याला जोरदार पाऊस, सगळं एकदम. आपण त्यातली फक्त पावसाची ओळ वाचतो. वीज दरवर्षी देशात दोन हजारांच्या वर माणसं मारते, बरीचशी शेतात आणि झाडाखाली उभी असलेली. आणि उष्णतेची लाट म्हणजे उत्तरेकडची गोष्ट असं आपल्याला वाटतं, मैदानी भागात ४० अंश लागतात, पण किनारपट्टीला ३७ गाठले आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेलं की लाट धरतात, ती उगीच सवलत दिलेली नाही. आपल्या हवेत दमटपणा इतका की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हात कार्यक्रमाला बसलेल्या लोकांपैकी दहाहून जास्त जण उष्माघातानं गेले, पारा चाळीसवरही गेलेला नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये, ९ आणि १० तारखेला, आपल्याकडे उष्णतेच्या इशाऱ्यामुळे शाळा दुपारी बाराला सोडल्या होत्या. निर्णय बरोबर होता असं मी तेव्हाही म्हणत होतो. पण मुलीला घ्यायला गेलो तेव्हा शाळेच्या गेटसमोरच रस्त्याचं काम चालू होतं, दोन बायका डोक्यावर खडीची घमेली घेऊन डांबराच्या कडेनं चालत होत्या, त्यांचं तान्हं पोर पत्र्याच्या आडोशाला. शाळेतल्या पोरांना पंख्याखालून उठवून घरी पाठवलं आणि ज्यांच्यासाठी तो इशारा खरोखर होता त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. अहमदाबादनं २०१० च्या उन्हाळ्यात शेकड्यांनी माणसं गमावल्यावर २०१३ ला उष्णतेचा आराखडा केला, कामाच्या वेळा बदलायच्या, पाणी कुठं ठेवायचं, दवाखान्यांनी बर्फ आणि खाटा तयार ठेवायच्या. ठेकेदारानं दुपारी बारा ते साडेतीन काम बंद ठेवायचं, रोज न कापता, एवढा एक नियम आपण केला तर तो कुठल्याही सुट्टीपेक्षा जास्त जीव वाचवेल असं मला मनापासून वाटतं.

काहीजण म्हणतात खात्याचं कशाला, फोनमध्ये ॲप आहे, तासातासाचं सांगतं. मीसुद्धा बघतो. पण ते ढगाचं चित्र बहुतेक वेळा कुठल्यातरी जागतिक मॉडेलातून परस्पर आलेलं असतं, मध्ये माणूस नसतो, आमच्या घाटाची ओळख नसते, आणि ते चुकलं तर जाब द्यायला कुणी बांधील नाही. खातं निदान जाब देतं, म्हणून तर आपण त्याच्याशी भांडू शकतो. दुसरे म्हणतात जुनी माणसं बरोबर सांगायची. सांगायची, खरंच सांगायची, रापण ओढणाऱ्या मच्छीमाराला वाऱ्याचा वास कळतो, मिरगाच्या आधी मुंग्या अंडी घेऊन वर चढतात, पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बघून आजोबा बियाणं काढायचे. पण समुद्रात शेकडो किलोमीटरवर बसलेलं तौक्ते मुंगीला दिसत नाही. आणि त्याच जुन्या माणसांचं खरं शहाणपण दुसरीकडे होतं, ते म्हणजे पुरुमेंत. पाऊस लवकर येईल की उशिरा, कमी की जास्त, कुणाला ठाऊक, पण मे संपायच्या आत तांदूळ, सुकी मासळी, मिरच्या, चिंच, लाकडं घरात आलेलीच पाहिजेत. २०२५ ला मान्सून २५ मेच्या सुमारास येऊन गोव्यावर पसरला, नेहमीपेक्षा दहाएक दिवस आधी, आणि कितीतरी घरांची लाकडं, कितीतरी पंचायतींची गटारं तशीच राहिलेली होती. खात्यानं लवकर येणार म्हणून सांगितलेलं होतं. गटार साफ करायला रेड अलर्ट लागतो का?

म्हणून मला खात्याकडून दोनच गोष्टी हव्यात. इशारा शक्य तिथं तालुक्यावर आणा, पेडणे वेगळं, सत्तरी वेगळं. आणि पावसाळा संपला की आपला हिशोब मांडा, किती वेळा लाल दिला, किती वेळा पडला, किती वेळा न सांगता पडला, साध्या मराठीत-कोकणीत. चुका लपवल्या नाहीत तर लोक विश्वास ठेवतात, डॉक्टरवर ठेवतात तसा. बाकीचं सगळं मागणं आपल्या लोकांकडे आहे. शाळा बंद करायची की नाही हे सत्तरीच्या मुख्याध्यापकाला सत्तरीपुरतं ठरवू दे. दुपारचं जेवण सुट्टीच्या दिवशी सुद्धा शाळेत मिळू दे, ज्याला येता येईल तो येईल. विजेच्या तारांवरच्या फांद्या मेमध्येच कापा. १९१ पंचायती आहेत, प्रत्येकीत एक कागद हवा, पिवळ्याला कोण काय करणार, नारिंगीला कोण, लालला कोण, फोन नंबरांसकट, आणि तो कागद ग्रामसभेत मोठ्यानं वाचलेला हवा.

आमच्या वाड्यावर आम्ही चारपाच जणांनी मागच्या मे महिन्यात हे वहीत लिहायला घेतलं. व्हाळाच्या अगदी कडेला एकट्या राहणाऱ्या तीन म्हाताऱ्या माणसांची नावं निघाली. त्यातल्या एकीजवळ फोन नाही आणि तिला ऐकूही कमी येतं, म्हणजे मेसेज, भोंगा, ॲप काहीच तिच्यापर्यंत जाणार नाही, कुणीतरी चालत जाऊन दार वाजवायला हवं. तिच्या नावापुढं माझं नाव लिहिलंय. येत्या ग्रामसभेत ही वही घेऊन जाणार आहे.